सहा वेढे, बारा भानगडी

सिगरेट सोडायला व्हेप हातात घेतलेला माणूस जेव्हा त्यातली कॉइल स्वतः बनवायला निघतो, तेव्हा आपण जुने लोक त्याला शिक्षणाच्या नावाखाली नुसती पाककृती देतो, आणि तीही अर्धवट. हे पहिल्याच वाक्यात लिहून टाकलं, म्हणजे ज्यांना भांडायचं आहे त्यांना खाली शोधत बसायला नको. :)

नातेवाईक मंडळींसाठी आधी थोडा खुलासा. व्हेपमध्ये तंबाखू जळत नाही. एक बॅटरी, तारेची एक छोटीशी स्प्रिंग (हीच कॉइल), आणि तिच्या पोटातून गेलेली, निकोटिनच्या द्रवात भिजलेली कापसाची वात, एवढाच कारभार. बटण दाबलं की तार तापते, द्रवाची वाफ होते. बहुतेक लोक तयार कॉइल विकत आणतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी फेकतात. काही जण मात्र स्क्रूवाला छोटा चौथरा घेतात आणि तार, वात दोन्ही स्वतः बसवतात. दहा मीटरच्या रिळात शंभराच्या वर कॉइल होतात, त्यामुळे खर्च आणि कचरा दोन्ही वाचतं. मी इंग्लंडात राहतो, इथे अठरा वर्षांवरच्यांना हे कायदेशीर आहे. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेट बनवणं, विकणं, आयात करणं, साठा करणं सगळंच बंद आहे. तेव्हा "येताना एक घेऊन ये रे" असं कुणी म्हणू नये. आणि ज्याने आयुष्यात सिगरेट ओढलेली नाही त्याने या वाटेला जाऊच नये. व्हेप सिगरेटपेक्षा कमी घातक आहे, निरुपद्रवी नाही.

असो. आता मूळ मुद्दा.

नवशिक्याला मिळणारा पहिला धडा ठरलेला असतो. "२६ गेजची कांथल घे, ३ मिलिमीटरच्या दांडीवर सहा वेढे दे, पाय स्क्रूखाली आवळ, कापूस भर, झालं!" मलाही हाच मिळाला. आणि गंमत म्हणजे तो चुकीचा नाही. त्या मापाने कॉइल होते, चालते, वाफही छान येते. पण याच यशामुळे पुढचा घोटाळा होतो. कारण सहाच का, २६ च का, आणि यातलं एक जरी बदललं तर काय होईल, हे शिकणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

खरं तर हिशोब शाळकरी आहे. २६ गेजची तार ०.४ मिलिमीटर जाडीची. ३ मिलिमीटरच्या दांडीभोवती तिचा एक वेढा म्हणजे सुमारे १०.७ मिलिमीटर. सहा वेढ्यांचे ६४, दोन पायांचे धरा १०, झाले ७४ मिलिमीटर. या जाडीच्या कांथलचा रोध मीटरला सुमारे ११ ओहम. म्हणजे आपली कॉइल झाली ०.८ ओहमच्या आसपास. पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ व्होल्टची. भागाकार केला की प्रवाह येतो ५ अँपिअर. चांगल्या १८६५० बॅटरीला (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, म्हणून हे नाव) २० अँपिअर सतत देता येतात. तेव्हा इथे भरपूर मोकळीक आहे. सगळं गणित पाच ओळींत संपलं!

आता हाच नवशिक्या दुसऱ्या आठवड्यात काय करतो ते पाहा. कुणीतरी सांगतं, दोन कॉइल लावल्या की मजा येते. तो लावतो. रोध अर्धा होतो, प्रवाह दुप्पट. मग २४ गेज आणतो. आकडा लहान म्हणजे तार बारीक, असं त्याला वाटतं, असतं उलटंच. जाड तारेच्या तशाच दोन कॉइल लावल्या की रोध पाव ओहमवर येतो आणि प्रवाह पंधरा अँपिअरच्या वर जातो. मग दुकानातून चुकून कांथलऐवजी निकेलचं रीळ येतं. दिसायला तार तशीच, वेढेही सहाच. पण निकेलचा रोध कांथलच्या साधारण पंधराव्या हिश्श्याइतका! पाककृती अक्षरशः पाळूनही कॉइल जवळजवळ शॉर्ट सर्किट होऊन बसते. त्याने काही वावगं केलेलं नसतं. त्याला सहा हा आकडा शिकवला होता, ओहम शिकवला नव्हता.

आपल्याकडे ज्यांनी विजेची शेगडी वापरली आहे त्यांना हे पुस्तकाशिवाय कळतं. होस्टेलवर शेगडीची स्प्रिंग तुटली की टोकं एकमेकांत अडकवून पुन्हा चहा टाकायचा, हा राष्ट्रीय कार्यक्रम होता. दोन-तीनदा जोडलेली स्प्रिंग आखूड होते, आधीपेक्षा जास्त लाल होते, आणि एके दिवशी फ्यूज उडवते. तार आखूड, रोध कमी, प्रवाह जास्त. व्हेपची कॉइल म्हणजे तीच शेगडी, बोटाच्या पेराएवढी. फरक एवढाच, की होस्टेलच्या भिंतीत फ्यूज होता. साध्या मेकॅनिकल नळीत, म्हणजे बटण, बॅटरी आणि कॉइल यांच्यामध्ये काहीच नसलेल्या यंत्रात, फ्यूज नसतो. आणि ती नळी आपण तोंडाशी धरतो. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये ई-सिगरेटचा स्फोट होऊन माणसं दगावली. असे प्रकार फार विरळ आहेत, हे मान्य. पण विरळ आहे म्हणून सांगायचंच नाही, हे कुठलं शहाणपण?

यावर तीन उत्तरं मला ठरलेली मिळतात.

पहिलं : "आता सगळ्या यंत्रांत चिप असते, ती सांभाळते." चिप खूप काही सांभाळते, नवशिक्याने चिपवालंच यंत्र घ्यावं. ती रोध मोजते, शॉर्ट असेल तर चालूच होत नाही. पण तिला तुमची बॅटरी किती अँपिअरची आहे हे कळत नाही. शिवाय चिपवाल्या यंत्रात बॅटरीवरचा भार कॉइलच्या ओहमवर नाही, तुम्ही लावलेल्या वॅटवर ठरतो. एका बॅटरीवर ८० वॅट लावले आणि ती उतरून ३.२ व्होल्टवर आली, की ती २५ अँपिअर ओढवून घेते. मग कॉइल कितीही मापात असो! आणि खिशात किल्ल्यांबरोबर सुटी ठेवलेली बॅटरी, किंवा वरचं प्लास्टिक फाटलेली बॅटरी, यांचं चिप काय करणार? त्या प्लास्टिकच्या आतला सगळा डबा ऋण टोक असतो, हे पहिल्या दिवशी सांगायला अर्धं मिनिट लागतं.

दुसरं : "कॅल्क्युलेटर आहेत की, आकडे टाकले की उत्तर येतं." येतं. पण उत्तर चूक आलंय हे ओळखायला अंदाज लागतो. निकेलची तार लावून यादीत कांथल निवडलं, तर तो बिचारा ०.८ च सांगणार. किराणा दुकानात आपण कॅल्क्युलेटर वापरतोच, पण दोन किलो साखरेचे दोन हजार झाले तर दचकतोही. ते दचकणं शिकवायला हवं.

तिसरं उत्तर मात्र मी गंभीरपणे घेतो : "एवढं गणित सांगितलंस तर माणूस घाबरून पुन्हा सिगरेटकडे जाईल." ही भीती खरी आहे. म्हणूनच म्हणतो, जो कालपरवा सिगरेट सोडतोय त्याच्या हातात तार देऊच नका. त्याला तयार कॉइल द्या. जून २०२५ पासून इथे एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आहे, दुकानात मिळणाऱ्या यंत्रांची कॉइल बदलता आलीच पाहिजे असा नियम आहे. त्याचं भागतं. तार वळणं ही नंतरची, हौसेने चढायची पायरी आहे. आणि जो हौसेने येतो, तो एका भागाकाराला घाबरत नाही. घाबरलाच, तर त्याने तार वळू नये, यात त्याचंच भलं आहे.

मग शिकवायचं कसं? माझ्या मते क्रमच उलटा हवा. पहिल्या दिवशी फक्त बॅटरी : तिची मर्यादा, तिचं प्लास्टिक, तिची डबी, आणि कुठलीही आवरणं चढवून "४० अँपिअर" छापून विकल्या जाणाऱ्या मालावर विश्वास न ठेवणं. दुसऱ्या दिवशी कागद आणि पेन्सिल. तिसऱ्या दिवशी तार, आणि वळून झाल्यावर आधी मीटरवर रोध मोजायचा. कागदावरचा आकडा आणि मीटरवरचा आकडा जुळेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. नसेल जुळत तर स्क्रू सैल असेल, पाय कापायचा राहून टोक कुठेतरी टेकत असेल, नाहीतर तारच भलती असेल. मग कमी वॅटवर हलकेच तापवून बघायचं. कॉइल मधून बाहेरच्या बाजूला एकसारखी लाल व्हायला हवी. एखादाच वेढा आधी पेटत असेल तर ती निवल्यावर नीट सरळ करायची. कापूस सगळ्यात शेवटी. ती मात्र आजीकडून शिकायची गोष्ट आहे. समईची वात फार घट्ट वळली की तेल चढत नाही आणि टोक करपतं. इथेही अगदी तसंच होतं, फक्त करपट चव घशात जाते.

ज्याच्या नावाने आपण रोध मोजतो तो ओहम स्वतः शाळामास्तर होता. त्याने १८२७ साली पुस्तक काढून हा नियम मांडला तेव्हा त्याचं फारसं कौतुक झालं नाही. आज दोनशे वर्षांनी तो नियम नववी-दहावीचं पोर पाठ म्हणतं, आणि आपण मोठी माणसं मात्र हातात बॅटरी धरलेल्या माणसाला तो सांगायला कंटाळतो. का, तर त्याला लवकर धूर काढून दाखवायचा असतो!

तेव्हा माझी सगळ्या अनुभवी मंडळींना विनंती नाही, मागणी आहे. तुम्हाला पुढच्या वेळी कुणी "किती वेढे घेऊ?" असं विचारलं, तर आकडा सांगू नका. "बॅटरी कुठली आहे?" असं उलट विचारा. त्याला उत्तर देता आलं नाही, तर त्या दिवशीचा धडा तिथेच सुरू होतो.