ताटातली अहिंसा आणि हत्तीची पाठ



बँकॉकला जाणार असाल तर एक दिवस अयुथयासाठी जरूर ठेवा. उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर, तीन नद्यांच्या वेढ्यात वसलेले हे गाव. १३५० पासून चारशेहून अधिक वर्षे ती सयामची राजधानी होती. १७६७ मध्ये बर्मी सैन्याने ती उद्ध्वस्त केली. महाथाट मंदिरात झाडाच्या मुळांत गुरफटलेले बुद्धमूर्तीचे मस्तक आहे. तिथे फोटो काढताना खाली बसायचे, आपले डोके मूर्तीपेक्षा वर नको म्हणून. ही रीत मला फार आवडली. संध्याकाळी होडीतून चायवत्थनाराम मंदिराची शिखरे पाहावीत.

खाण्याची चिंता असते, तर ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवा. पिवळ्या झेंडीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो. त्या जेवणात मांस, मासे, अंडी नसतातच, शिवाय कांदा-लसूणही नसतो. बटाटा-गाजराचे मात्र विचारून घ्या.

आता मला खटकलेली गोष्ट. आमच्यातल्या सगळ्यांनी दुपारी जेवताना दहादा विचारले, ‘यात फिश सॉस नाही ना?’ आणि तासाभरात त्याच आम्ही हत्तीच्या फेरीसाठी रांगेत! पाठीवर जड हौदा, डोक्यावर ऊन, माहुताच्या हातात अंकुश. नातवाने हट्ट केला. मी त्याला म्हटले, “आपण बघू या, बसायचे नाही.” तो रडला, पण बसवले नाही.

अयुथया हे नाव अयोध्येवरून आलेले. आपले अजितनाथ भगवान अयोध्येत जन्मले आणि त्यांचे लांछन हत्ती! त्या नावाच्या गावात हत्तीला राबवून आपण मौज करायची?

एक ताई म्हणाल्या, “आपण नाही बसलो तर त्याला खायला कोण घालणार?” प्रश्न खरा आहे. पण गिऱ्हाईक आहे तोवर पुढचे पिल्लूही याच कामाला जुंपले जाणार. पाठीवर न बसता हत्तींचा नुसता सांभाळ करणाऱ्या संस्थाही थायलंडमध्ये आहेत. फेरीचे पैसे तिथे द्यावेत.

करणे, करवणे आणि अनुमोदन देणे, तिन्हींचा दोष आपण लहानपणापासून ऐकतो. तिकीट काढणे हे करवणेच झाले. तेव्हा सहलीची यादी करताना खाकऱ्याच्या डब्याबरोबर हेही घरच्यांशी आधीच ठरवा. तिथे रांगेत उभे राहिल्यावर मुलांना नाही म्हणणे फार जड जाते.