‘पुट ऑफ’ म्हणजे ‘कॉल ऑफ’ नव्हे

गेल्या जुलैत आपल्या मंडळाची वक्तृत्व स्पर्धा पावसामुळे आठवडाभर पुढे गेली. ऑफिसला नोटीस इंग्रजीत लागते. ती मी लिहिली, आणि ‘पुट ऑफ’च्या जागी ‘कॉल ऑफ’ लिहून बसले. नवी तारीख दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मराठीत टाकली. पण खानापूरकडची पहिल्या वर्षाची एक मुलगी फलकावरची नोटीस वाचून गावी गेली होती. पावसात तिकडे रेंज कुठली! महिनाभर पाठ केलेलं तिचं भाषण तसंच राहिलं. “अक्का, तुम्हीच लिहिलेलं की, रद्द म्हणून,” एवढंच ती म्हणाली.

तिचं इंग्रजी बरोबर होतं. चूक माझी. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे. ठरलेलं लग्न पुढे ढकललं की मोडलं, यात मराठीत कुणाचा घोटाळा होत नाही. मग इंग्रजीतच का होतो? मला वाटतं, आपण ही क्रियापदं याद्या करून घोकतो म्हणून. ‘ऑफ’खाली दहा, ‘अप’खाली वीस, समोर अर्थ. परीक्षा झाली की सगळं एकात एक मिसळतं.

त्यापेक्षा शब्दातच डोकावून बघावं. ‘पुट’ म्हणजे ठेवणे. काम आजच्या जागेवरून उचलून लांब ठेवलं, पण ठेवलंय, टाकलेलं नाही. लॅटिनमधून आलेला ‘पोस्टपोन’ही तेच सांगतो: नंतर ठेवणे. ‘कॉल’ म्हणजे हाक. शिकारीवर सोडलेल्या कुत्र्यांना हाक मारून मागे बोलावतात, तेही ‘कॉल ऑफ’च. कुत्री माघारी आली की शिकार संपली. (एखाद्याच्या वागण्याने मन विटलं तरी इंग्रजीत ‘पुट ऑफ’च म्हणतात, पण ती गोष्ट निराळी.)

आणि हे आपल्याला नवीन थोडंच आहे? ‘खाऊन टाक’ म्हटल्यावर कुणी ताटातलं फेकून देत नाही. ‘लिहून घे’, ‘लिहून दे’, ‘लिहून ठेव’ यांतला फरक शाळेत जायच्या आधीपासून आपल्याला येतो. दुसरा शब्द आपला अर्थ सोडून पहिल्याला वळण देतो, ही युक्ती मराठीतही आहेच. इंग्रजीच्या तासाला सर-मॅडमनी इथूनच सुरुवात करावी, अशी माझी विनंती आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलं त्या तासाला मागच्या बाकावर मान खाली घालून बसतात. निदान या धड्याला तरी ती पुढे बसतील.

यंदाची नोटीस दोन्ही भाषांत लावायचं मंडळाने मान्य केलंय. लावण्याआधी ती त्याच मुलीला वाचायला देणार आहे.