टाइम मॅनेजमेंट नावाचा बोअर

अप्रेझलचा सीझन संपला की ट्रेनिंगचा सीझन सुरू होतो. एचआरची मेल येते. शनिवारी दिवसभर वर्कशॉप, विषय 'टाइम मॅनेजमेंट आणि लीडरशिप', उपस्थिती सक्तीची. जो माणूस सोमवार ते शुक्रवार रात्री नऊपर्यंत ऑफिसात बसतो, त्याला वेळ कसा वाचवायचा हे शिकवायला त्याचाच शनिवार घ्यायचा! यातला विनोद फक्त एचआरला कळत नाही.

असो. माझं भांडण शनिवारशी नाही, तिथे जे शिकवतात त्याच्याशी आहे. एक चौकोन काढा, त्याचे चार भाग करा, कामं तातडीची आणि महत्त्वाची अशी वाटून टाका. पहाटे पाचला उठा. बरणीत आधी मोठे दगड घाला, मग खडे, मग वाळू, सगळं बसतं. टाळ्या! पण बरणी केवढी आहे आणि वरून दगड कोण टाकतंय, हे विचारायचं नाही. म्हणजे निष्कर्ष आधीच ठरलेला. काम संपत नाही ना? मग तुमचंच काहीतरी चुकतंय. तुम्ही 'डेव्हलप' व्हा.

हा प्रकार मला फार ओळखीचा वाटतो, कारण मी नगरचा. २०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून नगरच बसलंय. आमच्या जिल्ह्याचे सरळ दोन भाग आहेत. उत्तरेला प्रवरेचं पाणी, कालवे, ऊस, साखर कारखाने. दक्षिणेला दुष्काळ. आणि दुष्काळी भागात एक जुना खेळ चालतो. विहीर आटली की बोअर घ्यायचा. एकाला दोनशे फुटांवर पाणी लागलं की शेजारी तीनशे फूट जातो. मग पहिल्याचं आटतं, तो कर्ज काढून चारशे फूट जातो. यात आळशी कोणीच नाही. प्रत्येक जण मेहनती, स्वतःपुरता हुशार. आणि प्रत्येकाच्या हुशारीने सगळ्यांचंच पाणी खाली जातं. बांध शेताला असतो, जमिनीखाली बांध नसतो.

आता ऑफिसात बघा. एक जण रात्री अकरापर्यंत थांबून डेडलाईन गाठतो. त्याला 'स्टार परफॉर्मर'चं सर्टिफिकेट मिळतं, आणि पुढच्या प्रोजेक्टचा अंदाज त्याच्या अकरा वाजताच्या वेगावर बांधला जातो. मग बाकीचेही अकरापर्यंत थांबतात. सहा महिन्यांनी अकरा हा नियम होतो आणि स्टार व्हायला एक वाजवावा लागतो. या खेळात आधी आटतात त्या उथळ विहिरी. जिला साडेसहाला पाळणाघरातून मूल आणायचंय ती, ज्याचे वडील आजारी आहेत तो. कामात दोघंही उत्तम, पण अप्रेझलमध्ये शेरा येतो 'कमिटमेंट कमी'. माझ्या एका जुन्या ऑफिसात मी हा शेरा एका उत्कृष्ट टेस्टरच्या नावापुढे वाचलाय. टाइम मॅनेजमेंटचं वर्कशॉप तिनेही केलं होतं.

नगर शहरापासून साधारण १७ किलोमीटरवर हिवरे बाजार आहे. याच दुष्काळी पट्ट्यातलं, बेताच्या पावसाचं गाव. एकेकाळी इथली माणसं कामाच्या शोधात गाव सोडून जात होती. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. एम. कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा तरुण. पुढे २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावाने श्रमदान केलं, डोंगरावर चर खणले, बंधारे बांधले, झाडं लावली, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मोटिव्हेशनल स्लाईडवर एवढंच येतं आणि खाली लिहिलेलं असतं 'व्हिजनरी लीडरशिप'.

स्लाईडवर न येणारी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पाणी मुरवून झाल्यावर त्यांनी त्याचा ताळेबंद मांडला. पाऊस किती पडला ते मोजायचं, विहिरींची पातळी बघायची, आणि उपलब्ध पाण्याचा हिशोब ग्रामसभेपुढे ठेवायचा. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिणं, मग शेती. उरलेल्या पाण्यात कोणती पिकं बसतात ते सगळ्यांसमोर ठरवायचं. शेतीसाठी बोअर बंद. ऊस आणि केळी बंद. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात उसाला नाही म्हणायचं, ही काय चीज आहे ते नगरकरांना विचारा!

माझ्या मते मॅनेजमेंट स्किल म्हणतात ते हेच. समजा आठ जणांची टीम आहे. आठवड्याचे ४० तास धरले तर ३२० तासांचा पाऊस. त्यातून मीटिंगा, सपोर्टचे कॉल, सुट्ट्या आणि आजारपणं वजा केली की उरले २००. मॅनेजर क्लायंटला ३०० तासांचं काम कबूल करून येतो. हे १०० तास आभाळातून पडत नाहीत, कोणाच्या तरी झोपेतून उपसले जातात. चांगल्या मॅनेजरने हा हिशोब सगळ्यांसमोर फळ्यावर मांडावा आणि क्लायंटला सांगावं, यंदा ऊस नाही. यासाठी करिष्मा लागत नाही. बेरीज-वजाबाकी लागते आणि थोडं धैर्य.

कोणी म्हणेल, मग स्वतः काही शिकायचंच नाही का? शिकायचं की! पण उपसा आणि मुरवणं यांतला फरक ओळखून. दर शुक्रवारी हाताने होणारं रिलीज ऑटोमेट केलं, नीट डॉक्युमेंट लिहिलं, टेस्ट लिहिल्या, नव्या पोराला शेजारी बसवून शिकवलं, तर सगळ्यांची पातळी वर येते. हे चर खणणं झालं. मात्र मुरवल्यावरही ताळेबंद लागतोच. नाहीतर वाचवलेले दहा तास सोमवारच्या आत नव्या कामाने भरलेले असतात. हिवरे बाजारने पाणी आल्यावरही बोअरबंदी उठवली नाही, ती यासाठीच.

दुसरा आक्षेप, 'देश घडवायचाय, तास मोजू नका'. २०२३ साली नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तासांचा सल्ला दिला. २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीचे अध्यक्ष ९० तासांवर पोचले. बोअर खोल खोल चाललाय, दुसरं काय! जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली हिशोब मांडला. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त, आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त. हा त्या खालून उपसलेल्या पाण्याचा भाव. तो कंपनीच्या बॅलन्स शीटवर येत नाही, घरच्यांच्या वाट्याला येतो.

तिसरा आक्षेप नेहमीचा, 'गाव छोटं असतं, कंपनी मोठी असते'. मान्य. पण पोपटरावांनी तरी कुठे अख्खा जिल्हा हातात घेतला होता? तुमची टीम आठ जणांची आहे. पुढच्या प्लॅनिंगला एवढंच करा. 'हे जमेल का?' असं विचारलं की 'प्रयत्न करतो' म्हणू नका. फळ्यापाशी जा, ३२० लिहा आणि सगळ्यांसमोर वजाबाकी करा. खाली जो आकडा उरेल त्यावर बोला. एकट्याने बोललात तर नकारात्मक ठराल, म्हणून आदल्या दिवशी चहावर दोघा-तिघांना बरोबर घ्या. ग्रामसभा म्हणजे तरी काय असतं?

आणि येत्या शनिवारी बरणी आणि दगड समोर आले, की हात वर करून विचारा, बरणी केवढी आहे?