सीटी स्कॅन : हट्ट नको, भयही नको

घरात मूल पडले, डोक्यास टेंगूळ आले, की आजी-आजोबांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांचा एकच आग्रह असतो : आधी स्कॅन काढून घ्या! डॉक्टरांनी ‘चार तास थांबून पाहू’ म्हटले, तर त्यांनी हयगय केली असा आपण ग्रह करून घेतो. या ग्रहाविषयी समाजबांधवांशी दोन शब्द बोलणे अगत्याचे वाटते.

सीटी स्कॅन म्हणजे क्ष-किरणांचीच तपासणी. मात्र साध्या फोटोपेक्षा तिच्यात किरणांची मात्रा कितीतरी अधिक असते. वाढत्या वयाच्या पेशींस किरणांची बाधा लवकर होते, आणि तिचे परिणाम प्रकट होण्यास मुलापुढे सारे आयुष्य पडलेले असते. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१२ साली असा अंदाज मांडला की, दहा वर्षांखालील १०,००० मुलांच्या डोक्याचे स्कॅन केल्यास पुढील दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा सुमारे १ व मेंदूतील गाठीचा सुमारे १ रुग्ण वाढतो. धोका अल्प आहे, परंतु शून्य नाही.

याउलट काही पालक किरणांच्या नावानेच दचकतात. त्यांस दोष देता येत नाही. याच देशात १९४८ ते १९६० या काळात डोक्यावरील गजकर्णासाठी हजारो मुलांवर, विशेषतः नवागत कुटुंबांतील मुलांवर, किरणोपचार झाले. त्यांच्यात पुढे गाठींचे प्रमाण वाढल्याचे डॉ. बारूख मोदान यांनी १९७४ साली दाखवून दिले. नुकसानभरपाईचा कायदा मात्र १९९४ साली झाला. तथापि त्या उपचारांतील मात्रा आजच्या एका स्कॅनच्या अनेक पटींनी अधिक होती, हे विसरू नये.

मग करावे काय? २००९ साली अमेरिकेत ४२,००० हून अधिक जखमी मुलांच्या अभ्यासावरून नियम ठरले. मूल शुद्धीवर आहे, नेहमीसारखे वागते आहे, उलटी नाही, तीव्र डोकेदुखी नाही, मार जबर नाही, कवटी मोडल्याचे चिन्ह नाही, अशा वेळी बहुधा स्कॅनची गरज नसते. दोन वर्षांखालील बाळाचे निकष थोडे निराळे आहेत. तो निर्णय डॉक्टरांचा. परंतु मूल गुंगू लागले, वारंवार ओकू लागले, झटका आला, कानानाकातून रक्त वा पाणी आले, तर क्षणाचाही विलंब नको. तेथे स्कॅन प्राण वाचवितो, आणि ‘पिकुआख नेफेश’पुढे इतर सर्व विचार गौण होत.

एरव्ही नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत : या स्कॅनने उपचार बदलेल काय? सोनोग्राफी वा एमआरआयने काम भागेल काय? किरणांची मात्रा मुलाच्या वयावजनास बेताची ठेवली आहे ना? आणि पूर्वीच्या स्कॅनच्या प्रती जपून ठेवून सोबत न्याव्यात, म्हणजे तेच स्कॅन पुन्हा काढणे टळेल.

प्रश्न विचारणे हा डॉक्टरांचा अवमान नव्हे. गजकर्णाच्या त्या काळी कित्येक माता-पित्यांस प्रश्न विचारण्याइतकी या देशाची भाषाही येत नव्हती. आज आपल्याला ती येते. ती मुलांसाठी वापरावी, एवढीच विनंती.