हत्तीचा पाऊस आणि पौलाचे जहाज



"आपल्याकडे कुठला समुद्र, मास्तर?" वादळाच्या तयारीचा विषय काढला की आमच्या धर्मग्रामात हमखास हा प्रश्न येतो. खरे आहे. आदिलाबादपासून बंगालचा उपसागर शेकडो किलोमीटर दूर. चक्रीवादळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे श्रीकाकुलम, ओडिशा, फार तर विशाखापट्टणम येते. आपण पैनगंगेकाठची माणसे. आपल्याला पाऊस कळतो, वादळ नाही.

पण २०२१ सालचे 'गुलाब' आठवा. २६ सप्टेंबरला, रविवारी संध्याकाळी, ते कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. टीव्हीवर म्हणाले, वादळ कमजोर पडले. वारा कमजोर पडला होता, पाणी नव्हे. तेच वादळ कमी दाबाचा पट्टा होऊन तेलंगणावरून मराठवाडा-विदर्भात शिरले, पुढे अरबी समुद्रात उतरून 'शाहीन' नावाने ओमानपर्यंत गेले. आपल्याकडे त्याला कोणी वादळ म्हटलेच नाही. "हत्ती लागला, हत्तीचा पाऊस पडणारच," एवढेच म्हणालो. सप्टेंबरअखेर काळी जमीन आधीच तुडुंब प्यालेली असते, तलाव भरलेले असतात, सोयाबीन काढणीला आलेले असते. त्यावर हा पाऊस. शेंगांना झाडावरच कोंब फुटले.

मंगळवारी, २८ तारखेला, उमरखेड तालुक्यात दहागावजवळ पुलावरून पाणी वाहत असताना एसटीची बस पलीकडे जायला निघाली आणि नाल्यात वाहून गेली. माणसे गेली. उमरखेड आपल्याला परके नाही. कित्येकांच्या लेकी तिकडे दिलेल्या आहेत. त्या दिवशी फोनवर फोन चालले होते. तेव्हा आम्हांला कळले की समुद्र नसला तरी वादळ येते, आणि ते आपल्याकडे नाल्याच्या वाटेने येते.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. सांगायला जड जाते, पण धर्मशिक्षकाने लपवू नये.

काही वर्षांपूर्वी जुलैतल्या एका रविवारी वस्ती आणि चर्च यांच्यामधल्या रपट्यावरून गुडघाभर पाणी वाहत होते. एक कुटुंब, नवरा-बायको आणि लहान मुलगी, हात धरून त्यातून आले आणि ओलेचिंब मिस्साला बसले. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही त्या मुलीला उभे केले. सगळ्या मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या. म्हणालो, याला श्रद्धा म्हणतात. दोन रविवारांनी पुन्हा पाणी होते. अकरा वर्षांचा एक मुलगा घरच्यांना न सांगता एकटाच निघाला. रपट्याच्या मध्यावर पाय सुटला. पलीकडे बैल धुणाऱ्या दोघांनी कासरा फेकला, म्हणून तो वाचला. दप्तर वाहून गेले. त्यात आम्हीच दिलेले धर्मशिक्षणाचे पुस्तक होते. संध्याकाळी त्याची आजी आमच्याकडे आली. रडली नाही, भांडली नाही. एवढेच म्हणाली, "मास्तर, पोरगा तुमच्या टाळ्यांसाठी निघाला होता."

त्यानंतर आमचे मत बदलले, आणि तेच आज तुमच्यापुढे ठेवतो. पाण्यातून चालत जाणे ही श्रद्धा नव्हे. "देव पाहून घेईल" म्हणत तयारी टाळणे ही तर मुळीच नव्हे. त्याला आळस म्हणावे. तो भक्तीची ओढणी घेऊन येतो म्हणून ओळखू येत नाही. रविवारच्या मिस्साचे बंधन आम्हीच मुलांना शिकवतो. पण ख्रिस्तसभेचा कायदा, कलम १२४८, हेही सांगतो की गंभीर कारणाने मिस्साला जाता येत नसेल तर घरीच, कुटुंबात प्रार्थनेला वेळ द्यावा. रपट्यावरचे पाणी हे गंभीर कारण आहे. आम्ही ते शिकवलेच नव्हते.

पवित्र शास्त्रात वादळ म्हटले की आपण लगेच गालीलच्या सरोवरावर जातो. प्रभूने धमकावले, वारा थांबला. सुंदर प्रसंग आहे, पण आपण त्यातून सोयीचे तेवढेच घेतो. आम्हांला अलीकडे प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ जास्त जवळचा वाटतो. कारण त्यात वारा थांबत नाही. चौदा दिवस थांबत नाही.

कैदी पौलाला जहाजाने रोमला नेत आहेत. उपासाचा दिवस उलटून गेला आहे. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर, आपल्या हिशेबाने हत्ती लागलेला. समुद्र धोक्याचा झाला आहे. पौल सांगतो, आता निघू नका. ही त्याची नुसती भीती नव्हती. याआधी तीनदा त्याचे जहाज फुटले होते, हे त्यानेच करिंथकरांना लिहिले आहे. पण शताधिपतीने तांडेल आणि जहाजमालकाचे ऐकले. दक्षिणेचा मंद वारा सुटला आणि सगळ्यांना वाटले, झाले आपले काम. (आपल्याकडेही सकाळी ऊन पडले की कोणी इशारा ऐकत नाही.)

मग वादळ आले. खलाशांनी जहाजाला खालून दोरखंड बांधले, माल समुद्रात टाकला. देवदूताने पौलाला वचन दिले की एकाचाही जीव जाणार नाही. आता पौल हात जोडून बसला का? उलट. खलाशी होडी सोडून पळू पाहत होते, तेव्हा हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही असे त्याने सैनिकांना बजावले. उपाशी माणसांना जेवायला लावले. २७६ माणसे होती. काही पोहत, काही फळ्यांवर, सगळी काठाला लागली. वचन देवाचे होते, फळ्या जहाजाच्या होत्या.

तयारीने काय होते, ते ओडिशाकडे पाहून कळते. १९९९ च्या महावादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. २०१३ मध्ये 'फायलिन' आले तेव्हा जवळजवळ दहा लाख लोकांना आधीच हलवले होते. मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. आपल्या जुन्या जिल्ह्यातच, आता निर्मलमध्ये गेलेल्या कडेम धरणावर, जुलै २०२२ मध्ये १८ पैकी १७ दरवाजे उघडूनही पाणी वरून वाहू लागले होते. धरण टिकले, पण खालच्या गावांतली माणसे आधीच उंचावर नेली होती, हे विसरू नये.

आमच्या धर्मग्रामाने आता एक वही केली आहे. प्रत्येक घरापुढे लिहिले आहे: म्हातारे कोण, अंथरुणाला खिळलेले कोण, दिवस गेलेली सून आहे का, छप्पर पत्र्याचे आहे की स्लॅबचे, आणि रात्री त्यांना आणायला कोण जाणार. शेवटचा रकाना सर्वांत अवघड गेला. नाव द्यायला सगळे तयार, पण रात्री दोनला उठायला कोण? आधार कार्ड, पट्टादार पासबुक आणि गोळ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, हे तर सर्वांना माहीत आहे. पण सरकारी इशारे तेलुगूत येतात, आणि आमच्या कितीतरी आजी-आजोबांना मराठीच वाचता येते. कॉलेजची दोन मुले आता तो मजकूर मराठीत आणि गोंडीत बोलून पाठवतात. आमच्या मते वहीपेक्षा हे काम मोठे आहे.

विजेचेही तसेच. जून २०२५ मध्ये एकाच दिवशी आपल्या जिल्ह्यात वीज पडून सहा जण गेले, शेतात कामाला गेलेली माणसे. पुण्याच्या हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप आसपासच्या विजेचा इशारा देते. घरात एकाच्या तरी फोनवर ते असू द्या, आणि गडगडाट ऐकू आला की झाडाखाली उभे राहू नका.

काही जण म्हणतात, मरण देवाच्या हातात आहे, वही करून काय होणार? मरण त्याच्या हातात आहे, हे कबूल. पण शेजारची आजी त्याने आपल्या हातात दिली आहे.

पौल माल्टाला लागला तेव्हा पाऊस होता, थंडी होती. तिथल्या लोकांनी सर्वांसाठी शेकोटी पेटवली. आणि नुकताच बुडता वाचलेला पौल काय करत होता? काटक्या गोळा करत होता. आम्हांला हे वाचून आपल्या पऱ्हाटीची आठवण होते. नाल्याकाठच्या तीन घरांची पऱ्हाटी अजून उघड्यावर पडली आहे. हत्तीचा पाऊस सुरू झाला की चूल पेटायची नाही. ती चर्चच्या हॉलमागे पत्र्याखाली आणायची आहे. चार-पाच तरुण आणि एक बैलगाडी हवी. येत्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर थांबा. रपट्यावर पाणी असेल तर मात्र येऊ नका, आम्ही फोन करू.