आजार चार, पेशंट एकच!



घरातल्या म्हाताऱ्या माणसाची औषधांची पिशवी एकदा पलंगावर ओतून पाहा. साखरेच्या गोळ्या, बीपीच्या दोन, थायरॉईडची एक आणि गुडघ्यांसाठी मेडिकलवाल्याने हातावर टेकवलेली ‘जालीम’ गोळी. साखरेच्या डॉक्टरांना गुडघ्याची गोळी ठाऊक नसते, हाडांच्या डॉक्टरांना किडनीचा रिपोर्ट कुणी दाखवलेला नसतो. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं रोज पोटात गेली की बीपी चढतं, साखरेने आधीच पोखरलेली किडनी आणखी खचते. मग बीपीची गोळी वाढवतात आणि वर ऐकवतात, ‘‘आजी, पथ्य पाळत नाही तुम्ही!’’

आणि खेपा? साखर-बीपीची ओपीडी एका वारी, डोळ्यांची दुसऱ्या, हाडांची तिसऱ्या. दर वेळी नवा केसपेपर. उपाशीपोटी रक्त द्यायचं, रिपोर्टला ‘उद्या या’. सोबत आलेल्या सुनेचा रोज बुडतो तो वेगळाच. 2023 मध्ये बायकांचं एसटीचं तिकीट अर्धं झालं, खेपा होत्या तेवढ्याच राहिल्या. शेवटी म्हातारीच ठरवते, कोणता आजार अंगावर काढायचा. जो दुखत नाही तोच सुटतो, म्हणजे बहुधा बीपी. पुढे लकवा मारला की सगळं घर धावतं.

सरकार म्हणेल, 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. कबूल. पण खिडकीवर गोळीच नसेल, तर मोफत काय, चिठ्ठी? महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून डायलिसिस होतं. ती वेळ येऊ नये म्हणून मेडिकलमधून विकत घ्याव्या लागणाऱ्या रोजच्या गोळ्यांना मात्र त्यात छदाम नाही. हा कुठला हिशेब?

आम्हाला नवी इमारत नको, फीत कापणंही नको. ग्रामीण रुग्णालयात ठरलेला एक वार द्या. त्या दिवशी एकाच केसपेपरवर सगळ्या तपासण्या व्हाव्यात आणि सगळ्या गोळ्या समोर ठेवून नको त्या बंद करणारा एक फिजिशियन तिथे असावा. प्रकृती स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांची औषधं गावच्या उपकेंद्रातच मिळावीत.

हा ठराव 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडा. नुसत्या माना डोलावून उठू नका, इतिवृत्तात नोंद झाली का ते बघा. एक प्रत रुग्ण कल्याण समितीला आणि एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, पोच घेऊनच.