गरिबाचे नाव छापता, ‘संबंधितां’चे का नाही?

एप्रिल 2024. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू होती. पालघर जिल्ह्यातल्या जव्हारच्या तहसील कार्यालयात आदिवासी बाया जमल्या आणि अंत्योदय शिधापत्रिकेवर मिळालेल्या साड्या, रेशनच्या पिशव्या त्यांनी परत केल्या. साड्या शेकड्यांनी होत्या. हाताला काम द्या, शाळा आणि दवाखाना नीट चालवा, एवढेच त्यांचे मागणे होते.

ही बातमी आली आणि विरली, कारण ती ठरलेल्या साच्यात बसत नव्हती. पालघरच्या गरिबाला माध्यमांत दोनच जागा मिळतात. पावसाळ्यात तो दीनवाणा असतो आणि निवडणुकीच्या हंगामात फुकटा.

आधी पावसाळ्याचे पाहू. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले आणि गाव राज्यभर माहीत झाले. 2016 मध्ये पाळी मोखाड्यातल्या खोचची आली. ऑगस्ट 2022 मध्ये बोटोशीच्या मर्कटवाडीतली बाळंतीण डोलीतून दवाखान्यात न्यावी लागली, तिची जुळी बाळे वाचली नाहीत. जून 2025 मध्ये मोखाड्यातल्याच एका बापाने मृत अर्भक पिशवीत घालून नाशिकहून एसटीने घरी आणले. या बातम्या यायलाच हव्यात. त्या आल्या नसत्या, तर या मरणांची सरकारदरबारी फारशी दखलही घेतली गेली नसती.

पण त्या लिहिल्या कशा जातात? आईचे पूर्ण नाव, वय, पाडा, नवऱ्याचे नाव, डोळ्यांना पदर लावलेला फोटो, सगळे छापले जाते. त्याच बातमीच्या शेवटच्या ओळींत मात्र ‘संबंधित अधिकारी’, ‘संबंधित ठेकेदार’ आणि ‘प्रशासनाची उदासीनता’. रस्ता कोणत्या वर्षी मंजूर झाला, बिल कोणी काढले, त्या रात्री रुग्णवाहिका कुठे उभी होती, यातले काहीच वाचकाला कळत नाही. जिचे मूल गेले तिची ओळख जगजाहीर होते आणि ज्याला जाब विचारायचा तो निनावी राहतो. हा अन्याय आहे आणि तो रोज आपल्या हातून छापला जातो.

अंगणवाडीत मुलाच्या दंडाला गुंडाळायची एक पट्टी असते. त्यावर लाल, पिवळा आणि हिरवा रंग असतो. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की पट्टी लाल दाखवते, म्हणजे मूल तीव्र कुपोषित. कॅमेरा या लाल रंगापाशी पोचतो तो जुलै-ऑगस्टमध्ये. मुलाचे हाल मात्र दिवाळीनंतरच सुरू झालेले असतात. भात कापून झाला की मोखाडा, विक्रमगडची कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात. मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीच्या वहीत राहते आणि मूल भट्टीवर. अमृत आहार योजनेतला गरोदर बाईचा चौरस आहारही गावातच राहतो. पावसाच्या तोंडावर कुटुंब परतते, तेव्हा घरात दाणा नसतो. नोव्हेंबरमध्ये कोणी बातमीदार वीटभट्टीवर गेला, तर ऑगस्टची बातमी त्याला तिथेच दिसेल.

उचलीची साखळी किती घट्ट असते, हे 2021 साली उघड झाले. मोखाड्यातल्या एका कातकरी बापाने मुलाच्या कफनासाठी 500 रुपये घेतले, त्यापायी तो मालकाकडे राबत राहिला आणि शेवटी त्याने जीव दिला. मथळे 500 रुपयांचे झाले. वेठबिगारी निर्मूलन कायदा 1976 चा आहे. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात दक्षता समिती असावी लागते आणि ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत येते. ती समिती शेवटची कधी बसली, ही बातमी किती जणांनी वाचली असेल?

आता फुकट्याची बातमी. लाडकी बहीण योजनेत महिन्याला 1500 रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला 50. जुलै 2025 मध्ये सुमारे 26 लाख 34 हजार लाभार्थ्यांचे पैसे थांबवल्याचे सरकारने सांगितले. जिल्हाधिकारी फेरतपासणी करतील आणि पात्र ठरणाऱ्यांचे पैसे पुन्हा सुरू होतील, असेही त्याच वेळी सांगितले होते. ठळक अक्षरांत ‘अपात्र’ राहिले, तपासणी आतल्या पानात गेली. काही हजार पुरुषांनी पैसे उचलले, हा गैरप्रकार खराच आणि तो छापलाच पाहिजे. त्यासाठी विक्रमगडच्या बाईला ‘बोगस बहिणीं’च्या रांगेत उभे करण्याचे कारण नाही. त्याआधी मे महिन्यात आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी 70 लाख रुपये याच योजनेकडे वळवले गेले होते. आदिवासी बाईच्या दृष्टीने हे ताटातले वाटीत झाले. तरीही घेणारी म्हणून बोट दाखवले जाते ते तिच्याकडेच.

या दोन चित्रांत एक माणूस कुठेच दिसत नाही, तो म्हणजे काम करणारा. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे राबणारे स्थानिक आणि परप्रांतीय मजूर बातमीत येतात ते स्फोट झाल्यावर, जखमींचा आकडा म्हणून. त्यांचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, कर्मचारी राज्य विम्याचे (ईएसआय) कार्ड हातात आहे का, याची विचारपूस स्फोटाआधी होत नाही.

ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी 2006 सालची एक नोंद वारंवार सांगितली आहे. मुंबईतल्या फॅशन वीकसाठी पाचशेहून अधिक पत्रकार हजर होते आणि त्याच सुमारास विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या वार्तांकनासाठी बाहेरून गेलेले अवघे सहा. यात दोष एकट्या बातमीदाराचा नाही. तालुक्याचा वार्ताहर बहुतेक ठिकाणी तुटपुंज्या मानधनावर काम करतो आणि त्याला जाहिरातीही आणाव्या लागतात. ज्या ठेकेदाराचे नाव छापायचे, त्याचीच वाढदिवसाची जाहिरात पानावर असेल, तर ‘संबंधित’ हा शब्द कुठून येतो हे सांगायला नको.

म्हणून संपादकांनी एवढे करावे. जव्हार-मोखाड्याची बातमी आली की आईचा चेहरा आणि नाव तिने विचारपूर्वक संमती दिली तरच छापावे. कामाचा मंजुरी आदेश, ठेकेदार आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद यांशिवाय ती बातमी पुरी झाली असे समजू नये. आणि जिल्ह्याच्या पानावर नोव्हेंबरमध्ये वीटभट्टीची जागा राखून ठेवावी.